डिझेल का पेट्रोल, एवढंच ठरवायचं होतं

...आणि वर मलाच विचारतात, "काय श्रीरंग, अजून ठरत नाही?" अहो, ठरणार कसं? तुम्हाला सांगतो, गाडी घ्या, जरूर घ्या, पण घेताय हे कुणाला सांगू नका! मी सांगितलं. आमच्या विरारच्या मनवेलपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये, जिन्यात उभं राहून, हौसेनं सांगितलं, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चार जणांनी विचारलं, "डिझेल का पेट्रोल?" रंग कुठला, कोणी विचारलं नाही. अभिनंदन, कोणी म्हणालं नाही. डिझेल का पेट्रोल! पेट्रोल म्हणालो की, "अरे, परवडणार आहे का तुला?" डिझेल म्हणालो की, "अरे, आता डिझेल कोण घेतं?" शेवटी एकाला वैतागून म्हटलं, "रॉकेल!" तर तो गंभीरपणे म्हणतो, "अच्छा... मायलेज काय देते?"

बरं, बाहेरचे सोडा, घरात दोन पक्ष. पेट्रोल पक्षाची अध्यक्ष जयवंती, म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं, "पेट्रोलची गाडी कशी, मांजरासारखी येते, मांजरासारखी जाते. डिझेल म्हणजे दारात पिठाची गिरणी! मला नाही चालायची." आणि डिझेल पक्षात एकटे अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, हरिश्चंद्र, चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. आता हे अप्पा कसे, तर आई गेली गेल्या वर्षी, आणि तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची एके खुर्ची. जेवा म्हटलं, जेवले. झोपा म्हटलं, झोपले. खाली जरा फिरून या म्हटलं की, "कशाला?" आता "कशाला"ला काय उत्तर देणार हो? तीन मजले उतरायचे, तेही सोडलं होतं माणसानं. आणि त्या दिवशी मी जेवताना म्हटलं, गाडी घेऊ या का... तर अप्पांचा घास हातात थांबला, आणि आपणहून, कोणी न विचारता, म्हणाले, "डिझेल."

बस, एक शब्द! पण महिन्याभरात आपणहून बोललेला पहिला शब्द, मोडणार कसा? आणि बायकोचा तरी शब्द मोडणार कसा? डिझेल का पेट्रोल, एवढंच तर ठरवायचं होतं!

म्हटलं जाणकाराला विचारू. वसईला पापडीला स्टॅनीचं गॅरेज आहे, शाळेपासूनचा दोस्त. गेलो. स्टॅनी गाडीखाली, फक्त पाय बाहेर. मी पायांना विचारलं, "स्टॅनी, डिझेल का पेट्रोल?" पाय म्हणाले, "रोज किती चालवणार?" म्हटलं, "रोज कुठली, रविवारी. जीवदानीला, बाजाराला, कधी गावाला." तेव्हा कुठे तोंड बाहेर आलं, ऑईलनं माखलेलं. "मग गप पेट्रोल घे. नव्या डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असतो. तिला मोकळ्या रस्त्यावर लांबवर पळवायला लागतं. खाली नुसती उभी ठेवलीस ना, काजळी साठते, आतल्या आत चोक होते, मग दिवा पेटतो आणि तू माझ्याकडे येतोस. मला काय, ये! फक्त रडत येऊ नको."

ठरलं! पेट्रोल! सुटलो! घरी आलो, अप्पांसमोर उकिडवा बसलो, फिल्टर समजावला, काजळी समजावली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चालवून बघू." म्हटलं, "कोण चालवणार?" म्हणे, "मी."

अहो, शनिवारी सकाळी काय बघतो, अप्पा तयार! दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, आणि तीन मजले माझ्या आधी उतरून खाली उभे, "चला, टायमिंग चुकेल." बोळिंजला शोरूम. तिथे अनुज नावाचा सेल्समन, टाय-बिय लावलेला, आवाजात साखर, "काका, जस्ट त्या सर्कलपर्यंत जायचं हां, तिथून यू टर्न." अप्पा व्हीलवर, मी शेजारी, मागे जयवंती आणि अनुज. अप्पांनी स्टीअरिंगला हात लावून नमस्कार केला, आरसा नीट केला, आरशात आम्हाला मोजलं, आणि विचारलं, "बसले का सगळे?"

आणि सर्कल आलं... आणि सर्कल गेलं! मागून अनुज, "काका, यू टर्न! काका, सर्कल मागे राहिलं!" अप्पा शांत. "शेवटचा स्टॉप आल्याशिवाय गाडी वळत नाही, बाळा." त्यांच्या एसटीचा शेवटचा स्टॉप कुठला? अर्नाळा! अहो, टेस्ट ड्राइव्ह हो! लोक अर्ध्या किलोमीटरची करतात, आमची आगाशीच्या पुढे गेली. पण तुम्हाला सांगतो, काय चालवत होते! खड्डा दिसायच्या आधी त्यांना माहीत, गियर पडतोय ते कळत नाही, आणि बोलत होते हो, अप्पा बोलत होते! इथे पूर्वी ताडाची रांग होती, इथे म्हैस आडवी यायची, या वळणावर तुझी आई पहिल्यांदा माझ्या गाडीत बसली होती आणि सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडली होती... हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं! आणि मग शीळ! अप्पा शीळ घालतात हेही मला माहीत नव्हतं.

अर्नाळ्याहून वळलो, आणि पहिल्याच स्टॉपवर गाडी बाजूला घेऊन उभी! का? तर स्टॉपवर एक म्हातारी कोळीण, मासळीची पाटी घेऊन. सवय हो, चौतीस वर्षांची सवय, स्टॉपवर माणूस दिसला की पाय ब्रेकवर जातो! काच खाली. "विरार का?" ती वाकून बघते. "कोन रं? हरिश्चंद्र डायवर? जिता हाय का तू अजून?" "प्रेमलताबाय! चढा, चढा." "सर!" अनुज ओरडला, "सर, डेमो कार आहे सर! सीटचं प्लॅस्टिक पण काढलं नाहीये!" कोण ऐकतो? प्रेमलताबाय दरवाजा उघडून आत, आणि पाटी कुठे ठेवायची, तर अनुजच्या मांडीवर. "धर रं पोरा, सांभाळून. पानी सांडंल." सांडलं! पहिल्या खड्ड्याला नाही सांडलं, अप्पांचं श्रेय. पण बाई हसल्या ना, हसताना सगळ्या हलल्या, आणि सांडलं. टायवर. आणि बाई जयवंतीला सांगतायत, "बाय, तुझा सासरा लय भला मानूस. माझी पाटी वर चढस्तवर एसटी कदी हलवली नाय त्यानं. बाकीचे डायवर धूर सोडून जायचे. हा थांबायचा." अप्पा लाजले. माझा बाप लाजला, शेजारून दिसलं मला! जयवंतीलाही आरशात दिसलं असणार. मग तिनं डझनभर बोंबील घेतले, त्यातले चार अनुजला दिले.

शोरूमला परत आलो. अनुज ओल्या टायनं, हातात बोंबलांची पिशवी घेऊन, धंद्याला जागून विचारतो, "सर, मग... डिझेल का पेट्रोल?" मी म्हटलं, "पेट्रोल." आणि जयवंती म्हणाली, "डिझेल."

"अगं! गिरणी कोण म्हणालं होतं? आणि स्टॅनी काय म्हणाला, रोज लांबवर पळवली नाही तर काजळी साठते, चोक होते..."

"म्हणूनच म्हणते," ती हळूच म्हणाली. "रोज पळवावी लागेल. म्हणजे पळवायला रोज कोणाला तरी खाली उतरावं लागेल ना?"

मी काचेबाहेर बघितलं. अप्पा बाहेर उभे राहून स्वतःच्या रुमालानं त्या गाडीचं बॉनेट पुसत होते. दुसऱ्याची गाडी, मासळीचा वास मारणारी... पुसत होते. मी अनुजकडे फॉर्म मागितला.

घेतली हो, डिझेल घेतली. ढोलताशा सोडून सगळं झालं, हार, नारळ, पेढे. आणि आता? आता सकाळी सातला अप्पा खाली. हायवेवरच्या शिरसाड फाट्यापर्यंत जायचं आणि यायचं, एक दिवस खाडा नाही. स्टॅनी म्हणतो, इतका स्वच्छ फिल्टर मी बघितला नाही, आणि अप्पांचं बीपी बघून डॉक्टरही तसंच काहीतरी म्हणाले. पण एकटे जातील ते अप्पा कसले? वाटेत हात केला की गाडी उभी. शाळेच्या बाई, दूधवाला, भाजीची टोपली, पैसा एक घेत नाहीत, सगळ्यांना नेतात. बिल्डिंगमध्ये आता मला डिझेल का पेट्रोल कोणी विचारत नाही, विचारतात, "साताची गेली का?"

आणि परवाची गोष्ट. मला उशीर झालेला, नाक्यावर उभा, रिक्षा एक थांबत नाही, आणि समोरून माझी गाडी! कागदावर नाव माझं, हप्ता माझ्या पगारातून! मी दोन्ही हात वर केले. गाडी हळू झाली. आत बघतो तर पुढे जयवंती, मांडीवर कोणाचं तरी बाळ, मागे चार जण कोंबलेले. अप्पांनी काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, मुलगा म्हणून नाही हो, चौतीस वर्षं स्टॉपवरच्या माणसाकडे बघायचे तसं बघितलं, आणि म्हणाले, "जागा नाही. मागची पकडा!"

गेली की हो गाडी! आणि मी येडा... मागे वळून बघत होतो, येतेय का म्हणून!