तोंड फिरवून होत न्हाई

माझं माहेर देगलूरकडचं, पार शिवंवरचं, तिथं बाजारात निम्मं तेलुगू बोलायचे निम्मं मराठी, आन् आमचा बाप शेरडं राखायचा, तो शेरडाला ज्या हाका मारायचा त्या कुठल्या भाषेतल्या हे मला आजून म्हाईत न्हाई, पण शेरडाला कळायचं. चौथीपर्यंत शाळा शिकले. पाचवीची शाळा ओढ्याच्या पलीकडं होती, बाप म्हणला बास झालं, वाचता येतंय की. मग लगीन करून दिलं भोकर तालुक्यात. नाव लिहायचं तर सोजरबाई लिहा, आडनाव नका लिहू, गावात ह्या नावाची मी एकलीच जिती हाय, समद्यांना कळतंय.

मालक लवकर गेले. रडायचं ते तवाच रडून झालं, आता त्याचं काय सांगू तुम्हाला. पदरात एक लेक, मारुती. त्याला शेरडावर वाढवला, शेरडावरच त्याचं लगीन केलं. मधी एकदा तालुक्याहून माणसं आली, म्हणली बचतगटातली एक बाई पाहिजे, वाचता येणारी, जनावराला न भिणारी, तिला पशुसखी करायची. पशुसखी म्हणजे काय तर शेरडाला लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, आन् जास्तीचं काही दिसलं की डॉक्टरला फोन लावायचा. वाचता येणाऱ्या पोरी जनावराला भीत होत्या आन् जनावराला न भिणाऱ्या बायांना वाचता येत न्हवतं. ऱ्हायले मी. गडी मला डॉक्टरीणबाई म्हणून हसायचे, हसू द्या म्हणलं, हसून काय कातडं झडतंय का. आसंच करून राहिले लई वर्सं.

पण एक गोष्ट माझ्या हातात न्हवती. आमच्याकडं शेरडं बायांची. पाला बायांनी आणायचा, लेंड्या बायांनी काढायच्या, इतीला, म्हंजे शेरडी व्यायला लागली की, बायांनीच बसायचं, पण बोकड खच्ची करायचा म्हणलं की गडी पाहिजे. बाईनं करडू धरून द्यायचं आन् तोंड फिरवायचं, पदर वढून घ्यायचा, बघायचं न्हाई, बघितलं तर वंशाला लागतंय म्हणतात. आन् गडी काय करणार, करू की, बघू की, आज बाजार हाय, उद्या लगीन हाय. तवर बोकड वर्साचा होऊन आपल्याच आईवर, आपल्याच बहिणीवर जायचा, मग करडं जन्मायची मान न धरणारी, दोन पायावर न उभारणारी, आन् ती मेली की बाया माझ्याकडं, सोजरबाई बघ गं काय झालं. काय झालं म्हणून काय विचारता, घरच्या घरात झालं. आन् कुणी गडी आलाच तर दगडावर ठेचायचा, पावसाळ्यात त्यात किडे पडायचे, ते धुवायला परत मीच.

मग फोन आला की जुन्या पशुसख्यांची आन् दवाखान्यातल्या परिचरांची उजळणी हाय, लातूरकडं, मुक्कामाला या, औंदा चिमट्यानं खच्ची करायचं शिकवणार, ज्याला जमंल त्याला चिमटा देणार. मी पिशवी भरायला लागले. माझा दीर भगवान पारावर बसून म्हणला, वहिनी, ह्या वयात कसली शाळा, पाहिजे तर सुनंला पाठवा. सून अनिता, तिला तवा सातवा लागला होता. आन् त्याची बायकू, माझी जाऊ पार्वती तर दारातच आली, म्हणली अगं घरात सून पोटुशी आन् तू बोकडं ठेचायला निघालीस, काही वाकडं झालं तर कुणाच्या डोक्यावर? मारुती आईकडं बघंना आन् बायकूकडंबी बघंना. मी पिशवी खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, ठेवली. मी कुणाला भीत न्हाई पण ती पोर दुसऱ्याची लेक, तिच्या पोटातल्याला काही झालं आन् कुणी ते माझ्या हट्टावर घातलं तर? तवा अनितानंच पिशवी उचलून माझ्या हातात दिली, म्हणली आत्या, जावा, माझं पोट काय त्या चिमट्याला बांधलेलं न्हाई.

तिथं मोठं आवार, लिंबाची झाडं, आन् माझ्या शेजारच्या खाटंवर देगलूरची शहनाजबी, शिवणकाम करून शेरडं पाळणारी. आम्ही दोघी म्हाताऱ्या, बाकी समद्या पोरीबाळी. लसीचं, बर्फाच्या डब्याचं, रोगाचं समदं बरं चाललं, आन् खच्ची करायचा दिवस आला तसे शिकवणारे डॉक्टर म्हणले, महिलांनी झाडाखाली बसावं, हे परिचर करतील, तुमची हजेरी लावून घेतो. वाईट माणूस न्हवता तो, त्याला वाटलं तो आमची लाज राखतोय. शहनाजबी माझ्या कानात म्हणली, अम्मा, अपन क्या इधर नीम की छाँव खाने आये क्या? मी उठले. म्हणलं डॉक्टरसाहेब, शेरडं आमची, चिमटा त्यांना का? ते म्हणले मावशी, तुम्हालाच अवघड होईल. म्हणलं सात गावच्या शेरडांची इत मी हातानं काढली, त्यात कुणाला अवघड न्हाई झालं, आता कशाला होतंय.

दिला चिमटा. लई जड असतो, दोन हातांचा. एका परिचरानं करडू धरलं, समदे गोल करून उभे, आन् मी काय केलं सांगू? चिमटा लावला आन् दाबताना तोंड फिरवलं. जन्माची सवय, बाई. मान आपली आपणच वळली आन् हात पदराकडं गेला. चिमट्यात नुसतं कातडं आलं, करडू असं बोंबललं की झाडावरचे कावळे उठले. समदे हसले. एक परिचर, मिशीवाला, म्हणला काय मावशी, मालकाची आठवण आली का? म्हणलं मालक मेले, तू हायस आजून, ये, आडवा हो. मग डॉक्टरबी हसले, पण लगेच हसणं थांबवून म्हणले, मावशी, तोंड फिरवून होत न्हाई हे. बघावं लागतं. कातडीखाली ती दोरीसारखी शीर बोटानं चाचपा, कडंला घ्या, एकावेळी एकच, आन् दाबल्यावर कट् आवाज ऐकू येईस्तोवर नजर हलवू नका.

पुन्हा लावला. बघून लावला. कट् आवाज आला, मग दुसऱ्या बाजूचाबी. करडू उठलं, अंग झाडलं आन् पाला खायला लागलं, रगत न्हाई, काही न्हाई. एवढंसं ते, आन् त्यासाठी आमच्या आज्यापणज्या भिंतीकडं तोंड करून उभ्या ऱ्हायल्या. मागून शहनाजबीनं केलं, मग पोरींनी रांग लावली. संध्याकाळच्याला मला चिमटा मिळाला.

गावात आले तर चिमटा तसाच पडून. बाया म्हणायच्या आमचे मालक नको म्हणतेत. मालक म्हणायचे बाईच्या हातानं कसं काय, इज्जतीचा सवाल हाय. तेवढ्यात अनिता बाळंत झाली. पोरगी झाली, धट्टीकट्टी, रडून घर डोक्यावर घेणारी. आन् तिसऱ्या घरापर्यंत बातमी जायच्या आत भगवान पारावर म्हणला, बघा, वंश तोडला का न्हाई म्हातारीनं. मला पार्वतीच्याच तोंडून कळलं. मी पारावर गेले आन् म्हणलं, भावजी, तालुक्याच्या दवाखान्यात ज्यांना ज्यांना पोरी झाल्या त्या समद्यांच्या घरची म्हातारी चिमटा घेऊन फिरती का? पोरगी हाय ती, आजार न्हाई. तरीबी बोकड कुणी आणला न्हाई.

मग पार्वतीच्या शेळीला करडं झाली, दोन्ही न उभारणारी, बापच भाऊ त्यांचा. दोन्ही गेली. त्याच्या पुढच्या दिवशी भगवान माझ्या मागच्या दारानं आला, वहिनी, जरा बोलायचं होतं, म्हणला, आमच्या बोकडाचं करून टाका, पण गोठ्यात, दार लावून, कुणी विचारलं तर मी दवाखान्यातला गडी आला होता म्हणून सांगतो. म्हणलं भावजी, काम माझं आन् नाव गड्याचं, हे न्हाई व्हायचं. जिथं वंश तोडला म्हणलात तिथंच आणा, पारावर, समद्यांच्या देखत. न्हाई तर तालुका हाय, न्या उचलून. तो रागानं लाल होऊन गेला, म्हणला लई शाणी झालीस.

जेवणवेळ उलटली आन् गल्लीत गलका झाला. बघते तर पार्वती दोरी धरून बोकड वढून राहिली, पदर खोचलेला, आन् मागून भगवान, अगं थांब, अगं लोक बघतेत. ती म्हणली बघू द्या, शेरडं मी राखते, मेलेली करडं मी पुरते, तुम्ही नुसतं पारावर बसता. पारावर आणून बांधला तिनं. मी चिमटा घेऊन गेले. पोरांनी मोबाईल काढले, म्हणलं काढा, पण मधी येऊ नका. आता वर्साचा बोकड, शिंगाळा, तो बाईमाणसाला आवरायचा न्हाई, धरायला भगवानलाच यावं लागलं. त्यानं मागचे पाय धरले, आन् मी चिमटा लावला तशी भगवानचीच मान वळली, पार भिंतीकडं. धरलेले पाय सुटायला लागले. म्हणलं भावजी, तोंड फिरवून होत न्हाई. इकडं बघा. बघितलं त्यानं. कट् आवाज पारभर ऐकू गेला. मग दुसऱ्या बाजूचा.

त्याच आठवड्यात बाया बोकडं घेऊन दारात यायला लागल्या. आता बाजूच्या गावचं बी बोलावणं येतंय. भगवान आजून माझ्याशी धड बोलत न्हाई, न्हाई तर न्हाई, बोकड वेळेवर आणतोय ते बास. गुडघे दुखतेत, चिमटा दाबायला जोर लागतो, आता अनिता शिकून राहिली. तालुक्याहून परवा कुणी म्हणलं, आजी, आता तुम्ही आराम करा, औंदाच्या उजळणीला तिला पाठवा. म्हणलं ती बी येतीय आन् मी बी येतेय, दोन खाटा टाका. नात चार वर्साची झाली, चिमटा काढला की पळत येऊन बायांच्या मागं उभारती, कुणी म्हणतं पोरीनं बघू नये, मी म्हणते पुढं ये, तिथनं दिसत न्हाई.

एवढंच हाय माझं. तुम्ही लांबून आलात, बसून ऐकलंत, तुमची लेकरंबाळं आन् तुमच्या दावणीची जनावरं धडधाकट ऱ्हावोत. फक्त एक करा, लिहिताना हे बोकडाचं लाजून गाळू नका. जसं सांगितलं तसंच लिहा.