आजींची पॅरलल लाइन

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या किराणा दुकानात, बिलाच्या रांगेत रत्नामागे दोन काकू बोलत होत्या.

“नातवाची पुण्याच्या आत्तेभावाशी मॅच, आणि गेमचा डबा वायफायच पकडेना. जावई म्हणाले, नवा घेऊ.”

“ते तर नेटवर्क इंजिनिअर ना?”

“म्हणून तर! मी म्हटलं, लॅपटॉपला वायफाय येतंय ना? मग त्यातून डब्याला वायर जोडा आणि नेट शेअर करा.”

“तुम्हाला कसं हो सुचलं?”

“तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. एका लाइनवर दोन फोन चालवायचे, त्यात काय!”

“चाललं?”

“चाललं म्हणजे? मॅच जिंकला आणि म्हणाला, ‘आजी, यू आर अ लेजंड!’”

शेजारचा काउंटर मोकळा झाला, पण रत्ना हलली नाही.

“आणि जावई?”

“त्यांनी गुपचूप माझं परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं.”