टेबलाची खालची बाजू

“मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं” — हो काका, माहितीये, तुमच्याच हाताखाली वाढलेय मी. का द्यायचं, हे विचारायचं नसतं, तेही माहितीये. पण सात आठे किती, हे तुम्हाला खरंच अडलं होतं का? हेडमास्तर होतात ना तुम्ही? मग कशाला विचारलंत — नाही आई, तू मध्ये पडू नकोस — दारातून आत येत नाही तोच, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला? गेली ना टेबलाखाली! आणि हात कुठे गेला तिचा, बघितलंत? भुवईला. शाळेत होती तेव्हा एकेक केस उपटून अख्खी भुवई साफ केली होती तिने. अक्षरं नाचतात तिच्या डोळ्यांपुढे, म्हणून बाई तिला रोज फळ्यापाशी उभं करायच्या — मोठ्याने वाच म्हणे, भीती जाईल. भीती कसली जातेय, भुवई गेली! घरी शिकवायला लागले तेव्हा कुठे उगवली. माझ्यासाठी तेच प्रगतिपुस्तक.

लाड? बरं, लाड. तुमचा कप ठेवलाय ना, त्याच्या बरोबर खाली अपूर्णांक आहेत. खडूने लिहिलेले. उताणी पडून लिहिते ती, टेबलाच्या खालच्या बाजूला — हसा, हसून घ्या — कारण तिथे मागे उभं राहून कुणी मानेवर श्वास सोडत नाही. तुम्ही सोडायचात. मी पाढे म्हणायचे तेव्हा. अजूनही ऑफिसात साहेब मागे येऊन उभे राहिले की मला माझा स्वतःचा फोन नंबर आठवत — ते राहू दे. माझा विषय चालला नाहीये.

तर उद्या तुमच्या जुन्या शाळेत प्रवेशासाठी तिला नेऊन उभी करायची, असा तुम्ही शब्द देऊन बसलात. कुणाला विचारून दिलात? मला विचारलंत? तिला? नाही येणार ती. उद्या नाही, परवा नाही, आणि आत्ता टेबलाखालूनही मी तिला काढणार नाही. तिला काय येतं ते बघायचंय? मग खाली उतरा. गुडघे कुरकुरत असतील तर आई हात देईल. पाठ टेका फरशीला आणि वर बघा, सात आठेही असतील तिथेच कुठेतरी.

काय झालं? उत्तर द्या ना, काका. आई, तू?

...बारके, लिही गं तू. कुणी काही बोलत नाहीये.