भाड्याची भिंत

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर तिची लेक टुणटुण उड्या मारत होती.

"ताई, ते पुस्तकांचं कपाट आठवतंय? खोक्यातून सुटं आणून घरी जोडलेलं?"

"हात लावला की डुलायचं, तेच ना? खाली पुठ्ठा सरकवला होतास."

"पुठ्ठ्याने काय होतंय! परवा ही बया त्यालाच धरून उभी राहिली. नेमक्या घरमालकीणबाई दारात."

"अगं बाई! त्या तर साधा खिळा मारू देत नाहीत ना?"

"कॅलेंडरसाठीसुद्धा नाही. तडक खाली गेल्या. म्हटलं, आता बोलणी खायची. तर बाई स्वतःचं ड्रिल घेऊन वर!"

"काय सांगतेस!"

"बाह्या सरसावल्या, भिंतीला भोकं पाडली, पट्ट्या लावून कपाट पक्कं आवळून टाकलं. मग स्वतः त्याला लोंबकळल्या."

"सत्तरीच्या बाई?"

"हो ना! तेव्हा कुठे हिला जवळ जाऊ दिलं."

"माणूस भला आहे गं. मग आता कॅलेंडरही लावून घे की."

"विचारलं ना. म्हणाल्या, कॅलेंडर पडून कुणाचं डोकं फुटत नाही."