फेटा बांधल्यावर लढाई न्हाई

टीव्हीवरच्या फायटींचं कौतुक मला सांगू नका, आमच्या केदारखेड्याच्या सुदामची फाईट ऐका. गडी तालमीत कुस्ती शिकला, भोकरदनला जाऊन कराटे शिकला, अन् दोन्ही एकत्र करून लढायचा. त्या साली जत्रेच्या कुस्त्यांना औरंगाबादचा बॉक्सिंग चॅम्पियन पाहुणा म्हणून आणल्ता. त्याचा सत्कार चालू असताना सुदाम एकदम उठला. "हार मंग घाला, आधी माझ्याशी लढ म्हणा त्याला!"

मी त्याचा शर्ट ओढून राह्यल्तो, पण ऐकतो कुठं! चॅम्पियननं हसत हातमोजे चढवले. कुणीतरी शाळेची घंटा आणली. पहिल्याच ठोशात सुदामचा डोळा सुजला. पाय धरायला वाकला की वरून दणका. मला वाटलं, आज ह्याला खाटेवर टाकूनच घरी न्यावं लागतंय.

तेवढ्यात घंटा झाली. चॅम्पियन बराबर बॉक्सिंगच्या कायद्यानं दम खायला कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. आमच्या पब्लिकनं जन्मात कुस्तीच पाह्यलेली. गडी पाठ फिरवून खाली बसला म्हणजे हरला! हलगी कडाडली, गुलाल उडाला, सुदाम माझ्या खांद्यावर अन् त्याच्या डोक्याला फेटा.

"अरे भाई, अभी राउंड बाकी है!" चॅम्पियन ओरडला.

सुदाम वरूनच म्हणला, "फेटा बांधल्यावर आमच्यात लढत न्हाईत."

परवा मी त्याला विचारलं, "खरं सांग, तुला बी तो हरला असंच वाटलं का रे?"

"येडा का तू? तो परत उठणार हे मला बिलकुल ठाऊक होतं. म्हणून तर कुणी उचलायच्या आधी मीच तुझ्या खांद्यावर चढलो."