झुडपाचा राखणदार

—नाही, तोंडातला बोळा काढणार नाही, ओरडशील. आणि मान वर कर, खुर्चीला बांधलंय तुला, झोपायला नाही सांगितलं. नाकातनं रक्त येतंय? येऊ दे. गुडघा दुखतोय? दुखणारच — दांडका दोनदा बसलाय, दुसऱ्यांदा तर कडकन आवाज आला. पण तू हलत होतास ना!

माझा दादा खाली नदीवर असतो, पाणमांजरांवर पहारा. फास लावणारा एक जण त्याला सापडला, दादानं जबडा फोडला त्याचा — तर दादाला बक्षीस, पेपरात फोटो! आणि मी? मी झुडपाचा राखणदार. जगात एवढं एकच उरलंय म्हणतात, पण बायकोसुद्धा हसते — म्हणते, ते काय पळून जाणारेय? पाणमांजर शीळ घालतं, पोरं पाठीमागे घेऊन पोहतं, लोक वेडे होतात. फासात अडकलं की माणसासारखं किंचाळतं, म्हणून तर दादा धावला. आणि हे? बुंध्यातनं कापा, हूं की चूं नाही. मग त्याच्या वाटचं कोणी ओरडायचं? तू ओरडलास. बरं वाटलं मला — खोटं कशाला बोलू, पहिल्याच फटक्याला इतकं बरं वाटलं की हात थांबेना. इतकी वर्षं वाट बघतोय, कोणीतरी चोरायला यावं म्हणून. अरे, याला कोणी चोरायलाही येत नव्हतं!

आणि आलास तू, भरदिवसा, कुंपण ओलांडून, फुलांत बोटं घालून बसलास. दादाला फोन केलाय, येतोच आहे तो, त्यालाही बघू दे. चाकू कुठे ठेवलायस? पिशवीत? बघू... भिंग. पाण्याची बाटली. ब्रश — एवढासा, मऊ, टोकाला पिवळी पूड...

ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. बी धरत नाही याला, माशाच उरल्या नाहीत, हातानं पराग लावणारा माणूस पाठवते म्हणाल्या. मला वाटलं गाडीतनं येईल, गेटवर हाक मारेल — मी गेटवर नव्हतोच, चहाला गेलो होतो. अरे, मग सांगायचंस ना! तोंड होतं ना तुला — हो, बोळा. मीच कोंबला. थांब, काढतो. हां, निघाला. बोल आता. पाणी देऊ? मान वर कर ना... दादा, आत नको येऊस, बाहेरच थांब! — बोल रे. शिवी तरी घाल.