त्रेपन्न प्रोटॉन

जळगावच्या दवाखान्यात थायरॉइडच्या कॅन्सरवरच्या किरणोत्सारी आयोडीनच्या गोळीसाठी बसलेल्या हिनाच्या बाजूला दोंडाईच्याच्या दोघी जावा बोलत होत्या.

"नूतन, ते किरणांचं आयोडीन नको घेऊ. विष शे ते."

"अक्का, शाळेत मी हेच शिकवते. मिठातल्या आयोडीनच्या अणूत त्रेपन्न प्रोटॉन, याच्यातही त्रेपन्नच. फक्त न्यूट्रॉन चार जास्त."

"मग किरणं कशी निघतात?"

"त्या चारांमुळेच. ऑपरेशननंतर उरलेला कॅन्सर तीच जाळतील."

"बठ्ठं घर घाबरेल शे. आबा तर घरमा लेवाले तयार नहीत."

"सगळे घाबरलेत ना, मग डॉक्टर सांगतील तितके दिवस मीच वेगळी राहीन. मग सरळ घरी येईन. आबा सासरे असले तरी त्यांना सांगा, ते घर माझंही आहे."

नर्सनं हाक मारली, "हिना जैन?"

दोनदा भीतीनं याच दारातून परत गेलेली हिना उठली.

"आले," ती म्हणाली.